नवीन सिम घेताना नंबर कसा निवडावा आणि घेण्याआधी कसा तपासावा

बिनतारी

नवीन सिम, नंबर निवडणे, पोर्टिंग (नंबर तोच ठेवून कंपनी बदलणे) हे विषय इथे दहा ठिकाणी विखुरलेत, म्हणून एकत्र धागा काढतोय. हा भारतातल्या नंबरांपुरता, त्यातही मुख्यतः मुंबई आणि महाराष्ट्र-गोवा या दोन सर्कलपुरता (सर्कल म्हणजे मोबाईल सेवेसाठी पाडलेला विभाग).

दुकानात बहुतेकांचं लक्ष शेवटच्या चार आकड्यांवर असतं. असू दे. पण हातात पडणारा 'नवा' नंबर बऱ्याचदा नवा नसतो. आपल्याकडे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतात, साठा मर्यादित, त्यामुळे बंद पडलेले नंबर कंपन्या पुन्हा वाटतात. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही आणि खात्यात २० रुपयांपेक्षा कमी शिल्लक असली की तो बंद करता येतो. बंद झाल्यावर आणखी ९० दिवस तो कुणालाही द्यायचा नाही. त्यानंतर तो परत बाजारात. म्हणजे आधीच्या मालकाने शेवटचा फोन केल्याला सहा-सात महिने होतात न होतात तोच नंबर तुमच्याकडे येऊ शकतो. त्या माणसाच्या बँकेला, गॅस एजन्सीला, मुलाच्या शाळेला आणि कर्जवसुलीवाल्याला यातलं काही कळलेलं नसतं.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी नेटवर्क, मग नंबराचा पूर्वेतिहास, आकड्यांची शोभा सगळ्यात शेवटी.

नेटवर्क आधी का, तर नवीन जोडणी ९० दिवस पोर्ट करता येत नाही. रेंज नसलेल्या कंपनीचं सिम घेतलंत तर तीन महिने खिडकीत उभं राहून बोला. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानुसार कंपन्यांनी कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकलेत ते बघा, पण नकाशातली रेंज घराबाहेरची असते. स्लॅबखालच्या आतल्या खोलीत काय होतं हे त्याच कंपनीचं सिम असलेला शेजाऱ्याचा फोन दहा मिनिटं तिथे ठेवूनच कळेल.

आता पूर्वेतिहास. दुकानदार किंवा ॲप चार-पाच नंबर दाखवतं. केवायसी सुरू करण्याआधी ते लिहून घ्या आणि दहा मिनिटं मागा.

पहिलं, इंटरनेटवर शोधा. एकाच पद्धतीने नको. दहा आकडे सलग, मग पाच-पाच करून मध्ये मोकळी जागा, मग आधी +९१ लावून, आणि प्रत्येक वेळी अवतरण चिन्हांत. नंबर कुठल्या इस्टेट एजंटच्या, क्लासच्या किंवा टेम्पोवाल्याच्या जाहिरातीत निघाला तर सरळ सोडा. या याद्या वर्षानुवर्षं कुणी पुसत नाही, फोन येत राहतात.

दुसरं, यूपीआय ॲपमध्ये 'नंबरावर पैसे पाठवा' इथे तो टाकून बघा (पाठवू नका, नुसतं बघा). नाव दिसलं तर नंबर अजून कुणाच्या तरी बँक खात्याला चिकटलेला आहे. नाव दिसलं नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, खातं यूपीआयशिवायही जोडलेलं असू शकतं.

तिसरं, सेव्ह करून व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर बघा. फोटो, 'अबाउट' मधली ओळ दिसली की समजायचं, जुना मालक अजून आत बसलाय.

चौथं, ट्रूकॉलरवर नाव काय येतं आणि किती जणांनी स्पॅम म्हणून खूण केलीय. 'लोन', 'रिकव्हरी', 'डोन्ट पिक' असली नावं दिसली तर पुढचा नंबर बघा.

चारही चाचण्या पार करणारा नंबर दिसायला साधा असला तरी तोच घ्यावा, असं माझं ठाम मत.

---

लिंबूटिंबू

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पण दुकानात सिमच्या पाकिटावर नंबर आधीच छापलेला असतो ना? मग निवडायचं काय?

---

काऊंटरमागचा

लिंबूटिंबू, दोन्ही प्रकार चालतात. काही पाकिटांत सिम आणि नंबर आधीच जोडलेले असतात, तिथे निवड म्हणजे दुकानातल्या पाकिटांच्या गठ्ठ्यातून. काही कंपन्यांचं सिम कोरं असतं आणि केवायसी करताना ॲपमध्ये नंबरांची यादी येते. तिथे शेवटचे हवे ते आकडे टाकून शोधायची सोय बऱ्याचदा असते, गर्दीच्या वेळी दुकानदार ती उघडत नाही इतकंच. संध्याकाळी सात वाजता न जाता सकाळी अकराला जा, शांतपणे दाखवेल.

तिसरा मार्ग कंपनीच्या वेबसाइटचा. आवडीचा नंबर राखून ठेवायचा, सिम घरी येतं, आणलेल्या माणसाकडून केवायसी. साधे नंबर फुकट, 'फॅन्सी' नंबरांना साधारण पाचशे रुपयांच्या आसपास सुरुवात आणि मग आकड्यांच्या नखऱ्याप्रमाणे वर. बीएसएनएलचं स्वतःचं नंबर-निवड पोर्टल आहे. सुरुवातीचे आकडे, शेवटचे आकडे किंवा बेरीज टाकून शोधता येतं. आवडलेला नंबर राखला की एसएमएसने पिन येतो, तो घेऊन मुदतीत ग्राहक सेवा केंद्रात जायचं. मुदत थोड्या दिवसांचीच असते, ती गेली की नंबर परत यादीत. एकदम खास नंबरांचा बीएसएनएल ई-लिलाव करते. वरच्या तीन बोलींची नोंद राहते, पहिल्याने पैसे भरले नाहीत तर दुसऱ्याला विचारतात.

आता जे कुणी सांगत नाही ते. केवायसी आता पूर्ण डिजिटल आहे, कागदी फॉर्मची पद्धत १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली. आधार, दुकानातच काढलेला तुमचा फोटो आणि दुसऱ्या चालू नंबरावर ओटीपी, एवढंच लागतं. फसवणूक होते ती इथेच. "अंगठा नीट लागला नाही, परत लावा", "फोटो हलला, पुन्हा काढतो" असं म्हणून दुसरा फॉर्म भरला जातो आणि तुमच्या नावावर एक जादा सिम निघतं. पुन्हा अंगठा मागितला तर आधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या आणि पहिल्या अर्जाचं काय झालं ते डोळ्यांनी बघा. ओटीपी आला की त्या मेसेजमध्ये कुठल्या कामासाठी आहे ते वाचल्याशिवाय आकडे सांगू नका.

चार-आठ दिवसांनी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर किंवा ॲपवर जाऊन आपल्या नावावर किती नंबर आहेत ते बघाच. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी, की यादी येते. प्रत्येक नंबराचे मधले आकडे झाकलेले असतात. अनोळखी नंबरासमोर 'नॉट माय नंबर', आपलाच पण नको असलेल्यासमोर 'नॉट रिक्वायर्ड'. या दोन्हींत गल्लत करू नका. एका माणसाच्या नावावर सगळ्या कंपन्या मिळून ९ जोडण्यांची मर्यादा आहे. जुनी विसरलेली सिमं यात मोजली जातात आणि नवीन सिम 'रिजेक्ट' होतं ते बऱ्याचदा याच कारणाने.

---

शेवग्याची_शेंग

मुलगा अकरावीत आहे, वय १६. त्याच्या नावावर घेता येईल का?

---

काऊंटरमागचा

नाही ताई, १८ पूर्ण नसतील तर सिम मिळत नाही. आई किंवा वडलांच्या नावावर घ्या. तुमच्या ९ मध्ये ते मोजलं जाईल. तो १८ चा झाला की त्याच कंपनीच्या गॅलरीत दोघांनी जाऊन नावबदल करून घ्या, नंबर तोच राहतो. हा नावबदल विसरू नका. पुढे त्याची बँक, परीक्षेचे फॉर्म, सगळं याच नंबरावर जाणार आणि सिम हरवलं की दुसरं सिम घ्यायला तुम्हालाच जावं लागेल, तो एकटा जाऊन भागणार नाही.

---

कल्याण_स्लो

सर्कलबद्दल थोडं. मुंबई सर्कलमध्ये मुंबईबरोबर नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवलीचा पट्टाही येतो. बाकी महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. त्यामुळे पणजीत घेतलेलं आणि नागपुरात घेतलेलं सिम एकाच सर्कलचं, पण पुण्याचं आणि डोंबिवलीचं वेगळं. रोमिंगचा इनकमिंग भुर्दंड गेल्यामुळे रोजच्या वापरात फरक कळत नाही. कळतो तो रिचार्ज करताना (दोन्ही सर्कलचे प्लॅन नेहमी सारखे असतीलच असं नाही) आणि पोर्ट करताना.

पूर्वी पहिल्या चार आकड्यांवरून कंपनी नि सर्कल ओळखू यायचं. ९८२० म्हणजे मुंबई, ९८२२ म्हणजे आयडिया महाराष्ट्र, ९८९० एअरटेल महाराष्ट्र, ९४२२ बीएसएनएल, ९८६९ एमटीएनएल मुंबई. २० जानेवारी २०११ ला देशभर पोर्टेबिलिटी आली आणि ३ जुलै २०१५ पासून सर्कलबाहेरही नंबर नेता यायला लागला. तेव्हापासून हे आकडे फक्त जन्मगाव सांगतात, सध्याचा पत्ता नाही. तरी ९८२२ वाले अजून नंबर सांगताना पहिल्या चार आकड्यांवर जरा जास्त जोर देतात हे मी नोंदवून ठेवतो.

---

माजघर

एक चाचणी राहिली. नंबर तोंडी सांगून बघा.

आपण बहुधा दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून सांगतो आणि मराठीत जोडीचा दुसरा आकडा आधी येतो. 'सत्तेचाळीस' ऐकलं की घाईत लिहिणारा आधी ७ लिहून मोकळा होतो. सगळ्यात वाईट 'एकोण' वाल्या जोड्या: एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. समोरचा हिंदी भाषक असेल तर उनहत्तर आणि उन्यासीचा गोंधळ वेगळाच. त्याखालोखाल ८२/९२, ८३/९३, ८५/९५. ब्याऐंशी-ब्याण्णव, त्र्याऐंशी-त्र्याण्णव, पंच्याऐंशी-पंच्याण्णव: रेंज खराब असली की शेपूट ऐकूच येत नाही. त्रेपन्न-त्रेसष्टही त्यातलेच.

एकेक आकडा सुटा सांगायचा तर मराठीत 'सहा' आणि 'सात', इंग्रजीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' फोनवर एकमेकांत मिसळतात. आणि लोक ज्यावर भाळतात ते जुळे-तिळे आकडे लिहून घेताना सगळ्यात जास्त चुकतात. "दोन नऊ" म्हटलं की कुणी २९ लिहितो, कुणी ९९. शेवटी ३३३७७ असेल तर "तीन तीन तीन सात सात" म्हणताना ऐकणाऱ्याचा एखादा तीन हमखास गळतो, नंबर नऊ आकडी होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा. त्यापेक्षा २०, ४०, ५०, १०, २५ अशा सुटसुटीत जोड्या असलेला नंबर बघा. "चाळीस पंचवीस" कुणी चुकत नाही.

यादीतले दोन-तीन नंबर एखाद्याला फोनवरून एकदाच सांगा आणि लिहून घ्यायला लावा. जो पहिल्या फटक्यात बरोबर उतरला तो चांगला. धंद्यासाठी नंबर घेणाऱ्याने तर हे केलंच पाहिजे.

---

सोळाआणे

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'सत्तेचाळीस'ऐवजी 'चाळीस सात' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मोबाईल नंबर सांगण्यापुरतं तरी ते बरोबरच होतं म्हणायचं.

माझा प्रश्न वेगळा. बेरीज किती असावी? घरी सांगतात ५ किंवा ६ च घे.

---

बिनतारी

सोळाआणे, दहाही आकडे मिळवून एकआकडी बेरीज काढली की उत्तर १ ते ९ मधलंच काहीतरी येतं. म्हणजे यादीतल्या साधारण दर नवव्या नंबराची बेरीज तुम्हाला हवी ती निघणार. वेगळे पैसे मोजायची अजिबात गरज नाही. यादी मोठी मागा, त्यातून बेरीज जुळणारे काढा आणि मग त्यांच्यावर वरच्या चाचण्या लावा. घरचेही खूश, तुम्हीही. 'भाग्यांक' म्हणून जास्त पैसे मागणाऱ्या दुकानातून मात्र काढता पाय घ्या.

---

आडनाव_नको

इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामवर व्हीआयपी नंबर विकणारे असतात. पैसे भरले की 'यूपीसी कोड' (पोर्ट करायला लागणारा कोड) पाठवतात, त्यावर आपण आपल्या नावाने पोर्ट करायचं. हे सुरक्षित आहे का?

---

टॉवरखालचा

नाही, आणि का नाही ते नीट सांगतो, कारण या धंद्याचा सगळा डोलारा पोर्टिंगवर उभा आहे.

आधी पोर्टिंग कसं चालतं ते बघा. ज्या नंबराचं सिम हातात आहे त्यावरून इंग्रजीत पोर्ट (पी-ओ-आर-टी), एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० ला. पात्र असाल तर आठ अक्षर-अंकांचा यूपीसी येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा, नव्याने केवायसी, नवं सिम. त्याच सर्कलमध्ये ३ कामाचे दिवस, सर्कलबाहेर ५. विचार बदलला तर अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत इंग्रजीत कॅन्सल आणि नंबर असा मेसेज १९०० लाच. जुनं सिम 'नो सर्व्हिस' दाखवायला लागलं की नवं घालायचं. जुन्या सिमचा उरलेला बॅलन्स सोबत येत नाही, त्यामुळे वर्षाचं रिचार्ज मारून दुसऱ्या महिन्यात पोर्ट करणं म्हणजे पैसे पाण्यात.

यूपीसी नाकारला जातो तो ठरलेल्या कारणांनी. जोडणीला ९० दिवस झाले नाहीत, पोस्टपेडचं बिल थकलंय, नावबदलाचा अर्ज चालू आहे, कोर्टात प्रकरण आहे. आणि १ जुलै २०२४ पासून आणखी एक: सिम बदलून ७ दिवस झाले नसतील तर यूपीसी मिळत नाही. सिम स्वॅप करून (दुसऱ्याच्या नंबराचं नवं सिम काढून) नंबर पळवणाऱ्यांना आवर घालायला हा नियम आला. सिम हरवलं म्हणून नवं घेतलंत आणि लगेच पोर्ट करायला गेलात तर कोड येणार नाही, आठवडा थांबा.

आता व्हीआयपीवाला. पोर्टिंग ही सोय कंपनी बदलायची आहे, मालक बदलायची नाही. सरळ रस्ता म्हणजे आधी जुन्या कंपनीतच दोघांच्या केवायसीवर नावबदल आणि मग, हवं तर, पोर्ट. विक्रेता तो टाळतो कारण नंबर बहुधा त्याच्याही नावावर नसतो, भलत्याच कुणाच्या तरी नावावर असतो. मग काय घडतं? एकच कोड दोन-तीन गिऱ्हाइकांना विकला जातो आणि पहिला दुकानात पोचणारा जिंकतो. किंवा पैसे घेऊन कोड येतो तो चार दिवस उलटून गेलेला. किंवा पोर्ट झाल्यावर मूळ मालक तक्रार करतो आणि नंबर अडकतो. नंबर कुणाची खासगी मालमत्ता नसतो, कंपनी तो वापरायला देते, त्यामुळे 'विकत घेतला' याची पावती दाखवून हक्क सिद्ध होत नाही. खास नंबर हवाच असेल तर कंपनीच्या स्वतःच्या यादीतून किंवा बीएसएनएलच्या लिलावातून घ्या, बिल मिळतं.

---

साखरांबा

नंबर घेऊन झाला, तपासणी केली नव्हती, आणि आता दुसऱ्याच माणसाच्या बँकेचे मेसेज येतायत, व्हॉट्सॲप सुरू केलं तर कुठल्यातरी सोसायटीच्या ग्रुपमध्ये सामील. अशा वेळी काय करावं?

---

बिनतारी

साखरांबा, एकेक घेऊ.

व्हॉट्सॲप: सिम बंद पडलं तरी जुन्या मालकाचं व्हॉट्सॲप वायफायवर चालू राहू शकतं, जोवर दुसरं कुणी त्या नंबराने नोंदणी करत नाही. खातं ४५ दिवस निपचित पडलं असेल तर नव्या फोनवर सुरू होताना व्हॉट्सॲप जुनी माहिती काढून टाकतं. पण माणूस रोज वापरत असेल तर नव्या धन्याला त्याचे ग्रुप आयते मिळतात. उपाय सोपा आहे. नोंदणी करा, काही वाचू नका, सेटिंगमध्ये 'अकाउंट' मध्ये जाऊन खातं डिलीट करा (नुसतं ॲप काढून उपयोग नाही) आणि मग पुन्हा नोंदणी करा. सगळ्या ग्रुपमधून नंबर बाहेर पडतो, पाटी कोरी. सुरुवातीलाच सहा आकडी पिन मागितला तर तो जुन्या मालकाने लावलेला. अंदाजाने आकडे मारत बसू नका, पिन रीसेट व्हायला ७ दिवस थांबावं लागतं.

टेलिग्राममध्ये गंमत अशी की लॉगिनचा कोड आधी जुन्या मालकाच्या चालू ॲपमध्ये जातो. थोडं थांबून 'एसएमएसने पाठवा' हा पर्याय येतो का बघा. त्याने पासवर्डही लावला असेल तर खातं रीसेट करायला तिथेही आठवडा.

बँकेचे मेसेज: ओटीपी आला तर कुणालाही सांगायचा नाही, "मीच जुना मालक" असं म्हणणाऱ्यालाही नाही. मेसेजमध्ये बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे आकडे असतात. ते देऊन त्या बँकेच्या ग्राहक सेवेला ईमेल करा की हा नंबर अमुक तारखेपासून माझ्याकडे आहे, तुमच्या नोंदीतून काढा. फोनपेक्षा ईमेल बरा, पुरावा राहतो. आपलं यूपीआय सुरू करताना यादीत अनोळखी खातं दिसलं तर ते निवडूच नका. बंद झालेल्या नंबरांची यादी दूरसंचार विभाग काढतो आणि बँका-यूपीआय ॲपनी आपल्या नोंदी त्यावरून किमान आठवड्याला ताज्या कराव्यात असा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा आदेश ३१ मार्च २०२५ पासून लागू आहे, त्यामुळे हे प्रकार घटायला हवेत. मात्र ज्या खात्याला यूपीआय नाही किंवा जी संस्था बँक नाही, तिथे जुना नंबर बिनघोर पडून राहतो.

वसुलीचे फोन: नाव विचारा, संस्था विचारा, "मी तो नाही" एवढं एकदाच सांगा आणि त्या संस्थेच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. स्वतःचं आधार-पॅन 'खात्री करायला' पाठवू नका, उलट फायलीत तुमचंच नाव चढेल.

ट्रूकॉलरवर आधीच्या माणसाचं नाव दिसत असेल तर स्वतः नोंदणी करून दुरुस्त करा किंवा नंबर यादीतून काढून टाका. नाहीतर तुम्ही ज्याला फोन कराल त्याला 'पर्सनल लोन राजू' दिसत राहील.

---

कल्याण_स्लो

आणि पहिल्याच दिवशी डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन-मेसेज रोखायची सोय. आधीच्या मालकाने लावलेलं असलं तरी ते तुमच्या कामाचं नाही, नव्याने लावा. इंग्रजीत स्टार्ट, जागा, शून्य, १९०९ ला. याने जाहिराती थांबतात, बँकेचे व्यवहाराचे मेसेज थांबत नाहीत.

---

घाटावरचा

जुना नंबर सोडून नवा घेणाऱ्यांसाठी. जुनं सिम लगेच फेकू नका. दुसऱ्या खाचेत घालून निदान चार-सहा महिने जिवंत ठेवा, कारण नंबर बदलायचा तर जवळपास प्रत्येक ठिकाणी आधी जुन्या नंबरावर ओटीपी जातो. कॉल फॉरवर्ड करून ठेवलं की झालं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. फॉरवर्ड फक्त कॉल होतात, एसएमएस होत नाहीत. आणि फॉरवर्डिंग फोनच्या सेटिंगमधूनच करा. कुणी फोनवर *४०१# डायल करायला सांगितलं तर ते तुमचे कॉल स्वतःकडे वळवतायत असं समजा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी बँक, मग आधार, मग बाकीचं. बँकेत शाखेतला फॉर्म, काही बँकांत एटीएम किंवा नेटबँकिंग. त्यानंतर यूपीआय नव्या सिमवर पुन्हा नोंदवावं लागतं आणि पहिले २४ तास रकमेवर मर्यादा असते, तेव्हा मोठा व्यवहार त्या दिवशी ठेवू नका.

आधारला नंबर केंद्रावर जाऊन अंगठा देऊन बदलता येतो, कागदपत्र लागत नाही. फी १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये. पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या क्रमांकावरून काम कुठवर आलं ते कळतं. गावाकडे हे लोक लांबणीवर टाकतात आणि नंतर अडतात. लाडकी बहीणची ई-केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, डिजिलॉकर, सगळं आधारला जोडलेल्या नंबराच्या ओटीपीवर चालतं. लाडकी बहीणला तर पती किंवा वडलांच्या आधारचाही ओटीपी लागतो, म्हणजे घरातल्या दोघांचे नंबर चालू हवेत.

गॅस: वितरकाकडे नंबर बदलला नाही तर डिलिव्हरीचा कोड जुन्या नंबरावर जातो आणि सिलिंडर दारात येऊन अडतो. महावितरणचं बिल: इंग्रजीत एमआरईजी (चारही अक्षरं सलग), जागा, बारा आकडी ग्राहक क्रमांक, असा एसएमएस ९९३०३९९३०३ ला, नव्या नंबरावरून. मग ईपीएफ, आयकर पोर्टल, फास्टॅग, गाडीचं आरसी, डीमॅट. आरसी सगळे विसरतात आणि ई-चलनाचे मेसेज भलत्याच माणसाला जातात.

---

परदेशस्थ

भारतातला नंबर परदेशात राहून टिकवायचा असेल तर? खात्यात २० रुपये ठेवले की पुरतं असं वाचलं होतं.

---

टॉवरखालचा

अर्धंच खरं. ९० दिवस वापर नसेल आणि प्रीपेडच्या मुख्य बॅलन्समध्ये २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवसांची मुदत मिळते. संपले की नंबर बंद, त्यानंतर १५ दिवसांत २० रुपये भरून परत मिळवता येतो. पण याने नंबर हातचा जात नाही इतकंच. प्लॅनची वैधता संपली की ओटीपी येत राहतील याची हमी नाही. म्हणून कमीत कमी दराचा जास्त वैधतेचा प्लॅन मारा. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानुसार डेटाशिवायचे, फक्त कॉल-एसएमएसचे पॅक द्यावेच लागतात आणि त्यांची वैधता ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू आहे ना ते तपासा, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा त्या सिमवरून एसएमएस पाठवा.

नुसत्या यूपीआयसाठी नंबर टिकवत असाल तर एक पर्याय आहे. एनआरई-एनआरओ खात्यांना (अनिवासी भारतीयांच्या बँक खात्यांना) काही देशांचे नंबर जोडता येतात. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, यूएई, सौदी, ओमान, कतार अशा दहांना मुभा दिली. आपली बँक त्यात आहे का ते आधी विचारा.

---

लिंबूटिंबू

शेवटचा प्रश्न, ई-सिम घेऊ की साधं?

---

काऊंटरमागचा

*#०६# डायल करा. आयएमईआयबरोबर ईआयडी दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. सुट्टं सिम नसल्याने चोराला काढून फेकता येत नाही, हा फायदा. तोटा असा की फोन बदलला की पुन्हा प्रक्रिया करावी लागते आणि सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपीही बंद. वर्षा-दोन वर्षांनी फोन बदलत असाल तर हरकत नाही. घरातल्या ज्येष्ठांसाठी साधंच घ्या, फोन बिघडला तर सिम काढून दुसऱ्या डब्यात घातलं की काम सुरू. ई-सिम घेतलंत तर क्यूआर कोडचा ईमेल लॅपटॉपवर किंवा दुसऱ्या फोनवर उघडा, ज्या फोनमध्ये घालायचंय त्याच्याच पडद्यावरचा कोड तो फोन कॅमेऱ्याने कसा टिपणार. कोड एकदाच चालतो, आणि अर्धवट डाउनलोड झाल्यावर वायफाय तुटलं तर नवा मागावा लागतो, तेव्हा घरचं वायफाय स्थिर असेल तेव्हाच बसा.